गिअरबॉक्सची नाडीपरीक्षा

आपोआप गिअर बदलणारी मोटार ही पूर्वी आपल्याकडे मोठ्या शहरातली चैनीची वस्तू समजली जाई. २०१४ साली मारुतीची सेलेरिओ बाजारात आली. तिच्यात गिअरबॉक्स नेहमीचाच होता. फक्त क्लच दाबण्याचे आणि दांडा हलवण्याचे काम चालकाऐवजी यंत्राकडे दिले होते. या युक्तीमुळे किंमत आवाक्यात राहिली आणि त्यानंतर अशा गाड्या तालुक्याच्या गावांतही दिसू लागल्या. गाडी गावात आली, पण तिची दुरुस्ती मात्र शहरातच राहिली.

बीड जिल्ह्यातील वडवणीसारखे गाव डोळ्यांपुढे ठेवून आम्ही हा लेख लिहीत आहोत. अशा गावात ट्रॅक्टरचा किंवा मोटारसायकलचा उत्तम मिस्त्री हाकेच्या अंतरावर मिळतो. पण आपोआप चालणाऱ्या गिअरबॉक्सचे नाव काढले, की गाडी शहरात न्या, असे उत्तर येते. तेलगावकडून धारूरचा घाट चढताना गाडी एकाच गिअरमध्ये अडकली, डॅशबोर्डवर दिवा लागला, तर मालकाला पहिली शंका येते, ‘गिअरबॉक्स गेला!’ गिअरबॉक्स खरोखरच गेला असेल तर खर्च कंबरडे मोडणारा असतो. पण पुष्कळदा गिअरबॉक्स धडधाकट असतो आणि त्याला माहिती पुरवणारा एखादा छोटा सेन्सर, किंवा त्याची वायर, बिघडलेली असते. हा फरक कसा ओळखायचा? आठवी ते दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात जे आहे, तेवढ्यावर यातले बरेच काम होते. म्हणूनच हा विषय शिक्षकांसाठी निवडला आहे.

गिअर केव्हा बदलायचा, हे यंत्राला कसे कळते?

साधी गाडी चालवणारा माणूस इंजिनाचा आवाज ऐकतो, चढ पाहतो आणि गिअर बदलतो. त्याचे कान, डोळे आणि पाय हेच सेन्सर असतात. माणूस काढून टाकला, की दुसरे कोणीतरी वेग मोजायला हवे.

हे काम विजेशिवायही होऊ शकते. १९८४ साली आलेली कायनेटिक होंडा आठवा, किंवा आज गल्लोगल्ली दिसणारी कोणतीही बिनगिअरची स्कूटर पाहा. तिच्या पुढच्या पुलीत लहान लहान वजनदार रोलर असतात. इंजिनाचा वेग वाढला की ते बाहेरच्या बाजूला सरकतात आणि पुलीची एक बाजू दाबतात. मग पट्टा मोठ्या त्रिज्येवर चढतो. तिथे वेग मोजणारा आणि गिअर बदलणारा एकच. अमेरिकेत १९४० च्या ओल्डस्मोबिल गाड्यांत हायड्रामॅटिक हा गिअरबॉक्स आला. त्यातही वेगाची खबर फिरत्या वजनांवर चालणारा नियंत्रकच तेलाच्या दाबातून देत असे.

पुढे हे मोजण्याचे काम विजेवर चालणाऱ्या सेन्सरांकडे आणि निर्णयाचे काम एका छोट्या संगणकाकडे गेले. गिअर अधिक अचूक बदलू लागले आणि इंधन वाचू लागले. पण एक नवीन अडचणही आली. संगणक स्वतः काहीच पाहत नाही. सेन्सर जे सांगेल, तेच त्याला खरे वाटते.

मुख्य सेन्सर कोणते?

पहिला वेगाचा. गिअरबॉक्समध्ये शिरणारा दंड किती वेगाने फिरतो आणि बाहेर पडणारा किती वेगाने, हे बहुधा दोन वेगळे सेन्सर मोजतात. फिरत्या दंडावर दातेरी चाक असते. ४० दात असलेले चाक मिनिटाला १५०० फेरे घेत असेल, तर सेकंदाला २५ फेरे आणि २५ × ४० = १००० दात सेन्सरसमोरून जातात. संगणक फक्त ठोके मोजतो. आत जाणारा वेग २१०० आणि बाहेर येणारा १४०० असेल, तर गुणोत्तर १.५ झाले. निवडलेल्या गिअरचे गुणोत्तर १.५ असेल तर सर्व ठीक. तसे नसेल तर संगणक समजतो, की आत काहीतरी घसरते आहे.

हे ठोके दोन रीतींनी मिळतात. एका रीतीत चुंबकाभोवती तारेचे वेटोळे असते. लोखंडी दात जवळून गेला की चुंबकीय क्षेत्र बदलते आणि वेटोळ्यात वीज उत्पन्न होते. फॅरेडेने १८३१ साली शोधलेले विद्युतचुंबकीय प्रवर्तन ते हेच. अशा सेन्सरला बहुधा दोन वायरी असतात. दुसऱ्या रीतीचा पाया एडविन हॉल याने १८७९ मध्ये घातला. वीज वाहणारी पट्टी चुंबकीय क्षेत्रात ठेवली तर तिच्या दोन कडांमध्ये थोडे विभवांतर निर्माण होते. या तत्त्वावरच्या सेन्सरला बाहेरून वीज द्यावी लागते, म्हणून त्याला बहुधा तीन वायरी असतात. एक विजेची, एक अर्थची आणि एक संदेशाची.

दुसरा तेलाच्या तापमानाचा. यात थर्मिस्टर असतो. तांब्याची तार तापली की तिचा रोध वाढतो. या थर्मिस्टरचे उलटे असते, तो तापला की रोध झपाट्याने घटतो. असा उलटा स्वभाव फॅरेडेलाच १८३३ साली सिल्व्हर सल्फाइडमध्ये दिसला होता.

तिसरा दांड्याच्या जागेचा. चालकाने दांडा पार्किंग, रिव्हर्स, न्यूट्रल की ड्राइव्हमध्ये ठेवला आहे, हे तो सांगतो. तो बिघडला तर काही वेळा गाडी सुरूच होत नाही, कारण गाडी न्यूट्रलमध्ये आहे याची संगणकाला खात्री पटत नाही.

याखेरीज तेलाचा दाब मोजणारे सेन्सर असतात. सेलेरिओसारख्या गाड्यांत क्लच कुठे आहे, कोणता गिअर पडला आहे, हे सांगणारेही असतात.

संकेतांक म्हणजे तक्रार, निकाल नव्हे

संगणकाला शंका आली की तो दिवा लावतो, एक संकेतांक नोंदवून ठेवतो आणि अनेकदा गाडी एका सुरक्षित गिअरमध्ये अडकवून ठेवतो. गाडी रडतखडत घरी पोचावी, पण गिअरबॉक्सचे नुकसान होऊ नये, हा त्यामागचा हेतू. घाटात ओढ कमी होते ती यामुळे. अशा वेळी ॲक्सिलरेटर दाबून जबरदस्ती करू नये.

हे संकेतांक स्टिअरिंगखालच्या १६ पिनांच्या सॉकेटमधून वाचता येतात. अमेरिकेत १९९६ पासूनच्या मोटारींना ते बंधनकारक झाले. आपल्याकडच्या अलीकडच्या मोटारींतही तेच सॉकेट असते. मोबाइलला जोडता येणारी छोटी वाचनयंत्रे स्वस्तात मिळतात. मात्र त्यांतली काही फक्त इंजिनाचे संकेतांक वाचतात, गिअरबॉक्सच्या संगणकापर्यंत पोचत नाहीत. घेण्यापूर्वी हे विचारून घ्यावे.

काही संकेतांक सर्व कंपन्यांना समान आहेत. पी ०७०० म्हणजे गिअरबॉक्सच्या संगणकाला काहीतरी सांगायचे आहे, एवढेच. पी ०७०५ दांड्याच्या जागेच्या सेन्सरचा, पी ०७१० तेलाच्या तापमानाचा, पी ०७१५ आत जाणाऱ्या वेगाचा आणि पी ०७२० बाहेर येणाऱ्या वेगाचा.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी. हे संकेतांक त्या सेन्सरच्या संपूर्ण मंडलाविषयी असतात. मंडलात सेन्सर येतो, तशा वायरी, जोडणीचा प्लग, अर्थ आणि दातेरी चाकही येते. पी ०७१५ आला म्हणून सेन्सर विकत आणून बसवणे, म्हणजे विद्यार्थी गैरहजर दिसला म्हणून तो आजारीच आहे असे मानण्यासारखे आहे. कदाचित एसटी आली नसेल!

तपासणीचा क्रम

सोप्यापासून अवघडाकडे आणि स्वस्तापासून महागाकडे जावे. साधा मल्टीमीटर पुरतो. संकेतांक आधी वहीत लिहून ठेवावेत. पुसून टाकले तर पुरावाच नाहीसा होतो.

पहिली पायरी बॅटरीची. इंजिन बंद असताना चांगल्या बॅटरीवर सुमारे १२.६ व्होल्ट आणि इंजिन चालू असताना बहुधा साडेतेरा ते साडेचौदा व्होल्ट दिसतात. बॅटरी मरगळलेली असेल, तर एकाच वेळी अनेक सेन्सरांच्या खोट्या तक्रारी येतात.

दुसरी पायरी डोळ्यांची. इंजिन थंड असताना सेन्सरची वायर टोकापासून टोकापर्यंत पाहावी. उभ्या गाडीत उंदीर वायरी कुरतडतात, हे शेतवस्तीवर गाडी ठेवणाऱ्यांना सांगायला नको. प्लगमध्ये पाणी, चिखल, पिनांवर हिरवा थर, वाकलेली पिन, सैल झालेली खाच, यांपैकी काही आहे का ते पाहावे. तेलाची पातळी गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेल्या रीतीनेच तपासावी. तेल जळकट वासाचे, काळे झाले असेल, तर दोष सेन्सरच्या पलीकडे असू शकतो.

तिसरी पायरी तुलनेची. गाडी रात्रभर उभी राहिली की इंजिनाचे पाणी, आत येणारी हवा आणि गिअरबॉक्सचे तेल, सर्वांचे तापमान जवळजवळ सारखे होते. सकाळी किल्ली फिरवून, इंजिन सुरू न करता, वाचनयंत्रावर तिन्ही आकडे पाहावेत. दोन २६ आणि २७ दाखवतात आणि तिसरा ७० दाखवतो, तर खोटे कोण बोलते हे वेगळे सांगायला नको. कोणत्याही जादा उपकरणाशिवाय होणारी ही फार चांगली चाचणी आहे.

आता समजा, मे महिन्यात वडवणीत गिअरबॉक्सच्या तेलाचे तापमान उणे ४० अंश सेल्सिअस दिसले. बाहेर अंगाची लाही होत असताना असे का? संगणक एका ठरावीक रोधामधून थर्मिस्टरला ५ व्होल्ट देतो आणि थर्मिस्टरवर किती व्होल्ट उरले ते पाहतो. थंडीत थर्मिस्टरचा रोध मोठा, म्हणून व्होल्ट जास्त. वायर तुटली तर रोध अनंत, आणि सगळेच ५ व्होल्ट उरतात. संगणकाच्या कोष्टकात त्याचा अर्थ ‘कमालीची थंडी’. उलट, दोन वायरी एकमेकींना चिकटल्या तर शून्य व्होल्ट उरतात आणि संगणकाला तेल भयंकर तापल्यासारखे वाटते. म्हणजे टोकाचा आकडा हवामानाची नव्हे, तर वायरीची बातमी देतो.

यावरून एक सुंदर चाचणी मिळते. सेन्सर दोन वायरींचा थर्मिस्टर आहे, याची गाडीच्या दुरुस्तीपुस्तिकेत खात्री करून घ्यावी. मग प्लग काढावा. आकडा तळाला गेला पाहिजे. त्यानंतर प्लगच्या वायरीकडील दोन पिना छोट्या तारेने क्षणभर जोडाव्यात. आकडा वर गेला पाहिजे. दोन्ही झाले तर वायर आणि संगणक निर्दोष, आणि संशय सेन्सरवर. आकडा हललाच नाही तर सेन्सर निर्दोष, दोष वायरीत किंवा पुढे. इतर प्रकारच्या सेन्सरवर ही चाचणी करू नये.

चौथी पायरी वेगाच्या सेन्सरची. वेटोळ्याच्या दोन वायरींच्या सेन्सरचा प्लग काढून दोन पिनांमधला रोध मोजावा. तो बहुधा काहीशे ते एकदोन हजार ओहम असतो. नेमका आकडा त्या गाडीच्या पुस्तिकेतून घ्यावा. मीटरने अनंत रोध दाखवला तर तार तुटलेली, जवळजवळ शून्य दाखवला तर वेढे एकमेकांना चिकटलेले. कोणतीही पिन आणि सेन्सरचे धातूचे अंग यांच्यामध्ये मात्र अनंत रोधच हवा. हे मोजमाप गरम असतानाही करावे, कारण काही तारा तापल्यावरच तुटतात. तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.४ टक्के वाढतो. २५ अंशांना १००० ओहम असलेले वेटोळे ९५ अंशांना सुमारे १२८० दाखवेल. ही वाढ दोष नव्हे.

तीन वायरींच्या हॉल सेन्सरचा रोध मोजू नये, त्यातून काही कळत नाही. प्लग काढून, किल्ली चालू करून, वायरीच्या बाजूला वीज येते का ते पाहावे. गाडीप्रमाणे ती ५ किंवा १२ व्होल्ट असते. अर्थही तपासावा. वीजच येत नसेल तर बिचारा सेन्सर बोलणार कसा? काही हॉल सेन्सरांना दोनच वायरी असतात. त्यामुळे वायरी मोजून प्रकार ठरवण्याआधी पुस्तिका पाहावी.

बदलताना

गिअरबॉक्सच्या बाहेरून एका बोल्टने बसवलेला सेन्सर घरी बदलता येतो. गाडी सपाट जागी उभी करावी, हँडब्रेक लावावा, चाकांना दगड लावावेत. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही जाऊ नये. इंजिन थंड होऊ द्यावे, कारण चालून आलेल्या गाडीच्या गिअरबॉक्सचे तेल ८० ते १०० अंशांपर्यंत तापलेले असू शकते. बॅटरीची ऋण वायर काढावी. सेन्सरभोवतीचा चिखल आधी पुसून घ्यावा, नाहीतर सेन्सर काढताच तो आत पडेल. खाली ट्रे ठेवावा, थोडे तेल गळू शकते.

सेन्सर ओढून नव्हे, तर हलकेच फिरवत काढावा. काढल्यावर त्याचे टोक पाहावे. त्याला लोखंडाचा बारीक कीस चिकटलेला असेल, तर चुंबकीय क्षेत्र बोथट होते आणि विशेषतः कमी वेगाला ठोके हरवतात. पुसून परत बसवल्यावर गाडी नीट चालली, तर नवीन सेन्सरचे पैसे वाचले. पण कीस पुष्कळ असेल, लोखंडाचे तुकडे असतील, तर आत झीज चालू आहे असे समजावे.

नव्या सेन्सरचा क्रमांक जुन्याशी ताडून पाहावा. रबरी कडीला गिअरबॉक्सचेच तेल लावावे. बोल्ट आधी हाताने बसवावा. असे बोल्ट साधारण १० न्यूटन मीटरइतकेच आवळायचे असतात. १० सेंटिमीटर लांबीच्या पान्याच्या टोकाला हा जोर सुमारे १० किलो वजनाइतका होतो. लांब पाना घेऊन दंडाची ताकद दाखवली, तर ॲल्युमिनियमच्या अंगातले आटे निघतात आणि चारआण्याचे काम बाराआण्यांवर जाते. शेवटी संकेतांक पुसून गाडी मोकळ्या रस्त्यावर चालवून पाहावी आणि पुन्हा वाचावे.

कुठे थांबावे?

अनेक गाड्यांत वेगाचे आणि तापमानाचे सेन्सर गिअरबॉक्सच्या पोटात, तेलात बुडालेले असतात. तिथे पोचायला तेल काढावे लागते आणि ठरावीक तापमानाला पातळी साधत परत भरावे लागते. क्लचच्या जागेचा सेन्सर बदलल्यावर बहुधा संगणकाला नव्याने शिकवावे लागते, त्यासाठी वर्कशॉपचे यंत्र लागते. हायब्रिड गाडीच्या नारिंगी वायरींना हात लावू नये, त्यांत जीव घेईल इतका विद्युतदाब असतो. गाडी वॉरंटीत असेल तर काहीच उघडू नये. या ठिकाणी थांबणे म्हणजे हार नव्हे. तपासणीची वही घेऊन वर्कशॉपमध्ये गेलेला मालक नेमके प्रश्न विचारू शकतो, आणि कारागिराचे कामही हलके होते.

वर्गात करून पाहा

एक: विजेच्या जुन्या घंटेतले किंवा निकामी रिलेतले भरपूर वेढ्यांचे वेटोळे मिळवा. त्यात लोखंडी बोल्ट घाला आणि बोल्टच्या मागच्या टोकाला चुंबक चिकटवा. पुढचे टोक सायकलच्या पॅडलजवळच्या दातेरी चाकाच्या दातांपासून एक मिलिमीटरवर धरा. वेटोळ्याच्या दोन्ही तारा शाळेच्या ध्वनिवर्धकाच्या माइकच्या जागी जोडा, आवाज कमी ठेवून सुरुवात करा आणि पॅडल फिरवा. घुंगघुंग ऐकू येते. वेगाने फिरवल्यास आवाज चढा होतो, अंतर वाढवले तर क्षीण होतो. दात मोजा. ४४ दातांचे चाक सेकंदाला एक फेरा घेत असेल तर सेकंदाला ४४ ठोके. हाच वेगाचा सेन्सर!

दोन: इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातून १० हजार ओहमचा, तापल्यावर रोध घटणारा थर्मिस्टर आणा. पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तो तापमापीसोबत गरम पाण्यात धरा. पाणी निवेल तसा दर पाच अंशांना रोध नोंदवा. ८० अंशांना सव्वा ते दीड हजार, ५० अंशांना साडेतीन ते चार हजार आणि २५ अंशांना १० हजार ओहमच्या आसपास आकडे येतात. आलेख काढा. तो सरळ रेषा का नाही, यावर चर्चा होऊ द्या.

तीन: दुसऱ्या प्रयोगातली एक वायर मुलांच्या नकळत सैल करा आणि दोष शोधायला सांगा. अट एकच: काहीही बदलण्यापूर्वी, ‘आमचा अंदाज असा आहे, आणि तो खरा असेल तर मीटरवर असे दिसेल’, हे वहीत लिहायचे.

आमच्या मते या तिसऱ्या प्रयोगाचे मोल सर्वांत अधिक आहे. तालुक्याच्या गावातली कितीतरी मुले पुढे मोटार, पंप, मोबाइल यांच्या दुरुस्तीत पोट भरणार आहेत. अंदाजाने भाग बदलत जाणारा कारागीर गिऱ्हाइकाच्या पैशाने शिकतो. चाचणी करून दोष शोधणारा त्याच गावात राहून नाव कमावतो. त्या दोघांतला फरक कुठल्या महागड्या यंत्राने पडत नाही, तो शाळेच्या प्रयोगवहीपासूनच पडायला लागतो.

जाता जाता मुलांना विचारण्यासाठी दोन प्रश्न. गाडी अगदी हळू चालत असताना वेटोळ्याच्या सेन्सरचा संदेश मंदावतो, पण हॉल सेन्सरचा मंदावत नाही, असे का? आणि दोन सेन्सर परस्परविरोधी सांगत असतील, तर खरे कोणाचे हे ठरवायला तिसरा साक्षीदार गाडीत कुठे सापडेल?